आंधळ्या बैलांचं दुकान

पाण्याचा पेला हातात यायच्या आधीच मी म्हणाले, "तो बैल जरा बाहेर काढतेस का?" विनायकरावांच्या सुनेला ते चमत्कारिक वाटलं असणार. देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला आलेली, जुन्या ओळखीची एक म्हातारी. बिचारीने देवळात भेटल्यावर चहाला म्हणून घरी आणली, तर ती सोफ्यावर टेकायच्या आत शोकेसकडे बोट दाखवते. पण माझा इलाज नव्हता. काचेआड नातवंडांना मिळालेल्या ढाली होत्या, प्लास्टिकची फुलं होती, कुठल्याशा लग्नात आलेला ताजमहाल होता, आणि सगळ्यांत खालच्या फळीवर, मागे सारलेला, एक लाकडी बैल होता. रंग उडालेला. एक शिंग तुटून परत चिकटवलेलं. डोळ्यांच्या जागी खळगे, आणि त्या खळग्यांच्या तळाशी काजळीचे दोन ठिपके.

असे खोल डोळ्यांचे बैल या गावात अजून काही घरांच्या माळ्यावर निघतील. सगळे एकाच पोळ्याचे. पण इतके खोल डोळे त्यांतल्या एकाचेच होते.

मामंजींना उठवते आणि कपाटाची किल्ली शोधते, असं म्हणून सून आत गेली. मी काचेला नाक लावून उभी राहिले. वास येणं शक्य नव्हतं, तरी मला सलईच्या लाकडाचा वास आला.

आमचं दुकान बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आज तिथं मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. त्या काळात वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं, हुकूम नागपूरहून यायचे, आणि गावाबाहेर थोडं चाललं की निजामाची हद्द लागायची. जालन्याहून मालाच्या गाड्या यायच्या त्या नाक्यावर तासन्‌तास खोळंबायच्या. आम्हाला त्या नाक्याचं काही सोयरसुतक नव्हतं, कारण आमच्या दुकानातली एकही वस्तू हद्दीपलीकडून येत नसे. सगळं दादांच्या हातचं. दादा म्हणजे माझे वडील. गाव त्यांना मिस्तरी म्हणायचं. त्यांच्या बापजाद्यांनी बैलगाड्या केल्या, यांनी बैल केले. भोवरे, पांगुळगाडे, भातुकलीची पोळपाट-लाटणी हेही असायचं, पण दुकान जगायचं ते तान्ह्या पोळ्यावर. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. त्या एका दिवसासाठी दादा वर्षभर लाकूड तासायचे.

ओली सलई कापली की धुपासारखा वास सुटतो. बाहेरगावचं माणूस आमच्या ओट्याशी आलं की नकळत चपला काढायचं, आणि मग आत बैल बघून हसायचं. हसायला आणखी एक कारण होतं. फळीवर रांगेनं उभ्या असलेल्या आमच्या एकाही बैलाला डोळे नसायचे. झूल रंगवलेली, शिंगांना हिंगूळ, गळ्यात माळ, आणि तोंड कोरं. टवाळ लोक आमच्या दुकानाला आंधळ्या बैलांचं दुकान म्हणायचे, आणि दादांना त्याचा राग येत नसे.

कारण डोळे माय काढायची. ते गिऱ्हाईक आल्यावर, ज्याचा बैल त्या लेकराच्या समोर. ओट्याच्या मागे गोणपाटाचा पडदा होता आणि पडद्याआड तिची जागा. लेकराला आत बोलवायची, समोर उभं करायची, हलू नको म्हणायची. मी बाजूला काजळीची वाटी धरून उभी. खारीच्या केसांचा कुंचला ती डिंकाच्या पाण्यात बुडवायची, मग काजळीत, आणि मग बराच वेळ नुसती त्या लेकराकडे बघत राहायची. ठेंगण्या पोराचा बैल जरा खाली बघायचा, उंच पोराचा वर. दोन ठिपके टेकवून झाले की म्हणायची, "घे, यानं तुले पाह्यलं." पोरं त्या वाक्याला थरारायची. एकदा बैलानं पाहिलं की तो त्या लेकराचा. मग आई-बापांचं मन फिरलं तरी तो दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नेम होता.

अशा किती बैलांचे डोळे माझ्यासमोर उघडले. सगळे माझ्या शेजारच्या पोराकडे बघायचे. तान्हा पोळा पोरांचा, पोरींचा नाही. मी वाटी धरायची. मला त्याचं वाईट वाटायचं आणि ते मी कुणाला सांगायची नाही.

मग समोरच्या गाळ्यात जालन्याकडचा एक व्यापारी आला. स्वभावानं वाईट नव्हता, येता-जाता मला चिमूटभर बडीशेप द्यायचा. पण त्याच्याकडे टिनच्या मोटारी होत्या. चावी द्यायची, खाली ठेवायची, घर्रर करत पळायची. टाळ्या पिटणारं माकड होतं, गोल गोल फिरणारी आगगाडी होती. पोरं त्याच्याकडे उभी राहायची आणि त्यांचे बाप तिथून माल घेऊन लगेच वाटेला लागायचे. आमच्याकडे मात्र बैल पसंत करा, आत जा, डोळे काढून घ्या, वाळेपर्यंत थांबा. त्या वर्षी थांबायला कुणी तयार होईना. दिवसभर त्या चावीचा आवाज यायचा आणि दादांचा रंधा मध्येच थांबायचा.

ज्यांच्या जागेत आमचं दुकान होतं ते आबासाहेब श्रावणात एकदा काठी टेकत आले. ओट्यावर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मिस्तरी, पोळ्याले तुह्या ओट्यावर गिऱ्हाईक दिसलं पाह्यजे. माशाच मारायच्या असतीन तं ही जागा मी समोरच्याले देतो, त्याले दोन गाळे पाह्यजेत." इतकंच बोलून ते गेले. जागा गेली तर दादांना खामगावच्या जिनात कापसाच्या धुळीत उभं राहावं लागणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दादांच्या भावाचा खोकला तिथलाच होता.

त्याच सुमारास माय अमडापूरला माहेरी गेली. मामीचं बाळंतपण होतं. ती पोळ्याच्या तोंडावर परत आली, छकड्यातून उतरली, गाठोडं घेऊन दुकानात शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. फळीवरचे सगळे बैल तिच्याकडे बघत होते.

दादांनी एकट्यानं बसून सगळ्यांचे डोळे रंगवून ठेवले होते. गोल, एकसारखे, टपोरे. केवढ्या हौसेनं ते तिला दाखवत होते. आता कुणाला ताटकळायला नको, म्हणाले, आलं, घेतलं, गेलं. समोरच्यासारखं.

मायनं गाठोडं खाली ठेवलं. मग तिनं हळूच विचारलं, "यायनं कोनाले पाह्यलं?"

"भिंतीले," दादा म्हणाले आणि हसले. ती हसली नाही. ते बघून त्यांचंही हसू मावळलं. त्यांनी काय करून ठेवलं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं, असं मला वाटतं. पण कबूल करायला माणसाला गिऱ्हाईक लागतं.

ते दुसऱ्या दिवशी आलं. येसू पाटलीण दर वर्षी आमच्याकडची पहिली गिऱ्हाईक. तिचा हात चांगला म्हणून दादा बोहनीसाठी तिची वाट बघायचे. नातवाला घेऊन आली, बैल उचलला, फिरवला, आणि तिचा चेहरा बदलला. "मिस्तरी, हे तं आधीच पाहून चुकले," ती म्हणाली. दादा काहीतरी पुटपुटले. तिनं बैल जपून फळीवर ठेवला. "उष्टी नजर माह्या लेकराले नको."

भावही विचारला नाही. घासाघीस न करता उतरलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं, हे दुकानदाराच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. पाटलीण देवळापर्यंत पोचायच्या आत बातमी बाजारभर झाली. बाया ओट्यापाशी यायच्या, लांबूनच बैलांच्या डोळ्यांत बघायच्या आणि लेकराचं बखोट धरून पुढे जायच्या. एकीनं तर पोराच्या डोळ्यांवर हात ठेवला. दादा कोऱ्या चेहऱ्यानं पेढीवर बसून होते. समोर चावी फिरत होती. घरी माय आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते, ताट-वाट्याच काय तो आवाज करायच्या. मला सारखं लघवीला लागायचं, इतकी त्या दिवसांची धास्ती माझ्या अंगात भरली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजार भरला होता. बेगड, गोंडे, घुंगरमाळा, नव्या कासऱ्यांचा तो अंबाडीचा वास. दादा ओट्यावर होते, मी पायरीवर. तेवढ्यात गोणपाटाचा पडदा सरला आणि माय बाहेर आली.

माय कधी ओट्यावर बसत नसे. त्या काळी आमच्यातल्या बाया बसत नसत. ती डोक्यावर पदर घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसली, फळीवरचा पहिला बैल मांडीवर घेतला आणि फुटक्या बाटलीच्या काचेनं त्याचा डोळा खरवडायला लागली. खर्र, खर्र. त्या आवाजानं माझे दात शिवशिवले.

दादा दबक्या आवाजात म्हणाले, "आत जाय. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या," ती मान वर न करता म्हणाली. "लोकायच्या समोर केल्याबगर ते मानतीन कसे?"

दादा उठून उभे राहिले. मला वाटलं, ते आता तिला ओढून आत नेणार, नाहीतर रस्त्यानं तडक निघून जाणार. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. लोक जमत होते. कुणीतरी हसलं, मिस्तरीचे बैल नासले म्हणालं. दादा तसेच उभे होते. मग ते खाली वाकले, काचेचा दुसरा तुकडा उचलला, आणि भर बाजारात मायच्या शेजारी बसून आपणच काढलेले डोळे खरवडायला लागले. ती त्यांची चूक होती आणि ती ते सगळ्या गावादेखत पुसत होते. मी आयुष्यात पुष्कळ शूर माणसं बघितली, त्यांतले माझे दादा पहिले.

लाकडाचा भुसा दोघांच्या मांडीवर साचत गेला. समोरच्या व्यापाऱ्यानंही चावी द्यायची थांबवली. गर्दीतून येसू पाटलीण पुढे आली. तिनं एक बैल घेतला आणि त्याच्या डोळ्याच्या खळग्यात अंगठा फिरवून बघितला. सगळे तिच्या अंगठ्याकडे बघत होते.

"गेली नजर," ती म्हणाली. "आता नव्यानं उघडा."

पण नव्यानं उघडायचे म्हणजे कुणाचं तरी लेकरू आधी समोर उभं करायला हवं. पाटलिणीनं आपल्या नातवाचा हात सोडला नाही. बाया एकमेकींकडे बघत होत्या. नजर खरोखर गेली की नाही याची परीक्षा आपल्या लेकरावर कुणाला नको होती. मायचा कुंचला हवेत थांबला. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"इकडं ये."

कुणीतरी मागून म्हणालं, ती तं पोरगी हाय. माय म्हणाली, "लेकरूच हाय." माझ्या हातातली काजळीची वाटी तिनं काढून घेतली, खाली ठेवली आणि मला समोर उभं केलं. वाटीशिवाय हातांचं काय करायचं ते मला कळेना. तिनं माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ, जणू मी तिला कधी दिसलेच नव्हते. मग बैलावर वाकली. एक ठिपका. दुसरा ठिपका.

"घे, यानं तुले पाह्यलं."

खरंच पाहिलं होतं. खळग्याच्या तळातून, थोडं वर, नेमकं माझ्याकडे. मला रडू आलं आणि मी ते गिळलं, कारण सगळा बाजार बघत होता. मला काही झालं नाही हे दिसल्यावर पाटलिणीनं नातवाला पुढे ढकललं. मग झुंबड उडाली. त्या दिवशी आणि पोळ्याच्या दिवशी मायचा कुंचला सुकला नाही, आणि तिला पुन्हा पडद्याआड जा म्हणायला दादांना सुचलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी फळीवर एकच बैल उरला. माझा. मी त्याच्या शिंगांना बेगड लावला होता, मायच्या जुन्या चोळीची झूल शिवली होती. तोरणाखाली जायला मिळणार नव्हतं, पण ओट्यावर तर उभा करता येत होता. पोरं तोरणाकडे निघाली होती, बैलांची चाकं दगडांवरून खडखडत होती. त्या गलक्यातून आबासाहेब आले. सोबत त्यांचा नातू विनू, माझ्याएवढाच. हातात टिनची मोटार, नाकातून शेंबूड, रडून रडून उचकी लागलेली. पोरांनी त्याची मोटार तोरणाखाली उभी करू दिली नव्हती.

आबासाहेबांनी फळीकडे बोट केलं. दादांनी मान हलवली.

"हा देता येत नाही. हा माह्या पोरीले पाहून चुकला."

आबासाहेब चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती नजर फिरवली. आढ्याकडे, फळीकडे, ओट्याच्या दगडाकडे, आणि मग समोरच्या गाळ्याकडे. दादांची बोटं फळीची कड घट्ट धरून होती. नेम मोडून दुकान पुरतं बुडता बुडता वाचलं होतं, आणि आता ते नेम पाळून बुडणार होतं. दादा तरी हलले नाहीत. विनू उचक्या देत होता. माय माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती, हे मला समजत होतं.

मी म्हणाले, "द्या त्याले."

दादा नाही म्हणाले. मी फळीवरून बैल काढला, झूल उतरवली, काचेचा तुकडा उचलला आणि त्याच्या डोळ्याला लावला. पण माझा हात चालेना. मायनं तो तुकडा माझ्या हातातून घेतला. दुसऱ्यांदा खरवडताना खळगा फार खोल गेला. दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

मग विनूला समोर उभं केलं. मी वाटी घेतली आणि नेहमीसारखी बाजूला उभी राहिले, त्याच्या डाव्या हाताला, इतकी जवळ की त्याच्या उचकीचा धक्का मला लागायचा. मायनं वर बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. तिचे डोळे भरलेले होते. मग तिनं घाईघाईनं दोन ठिपके टेकवले आणि बैल विनूच्या हातात दिला.

"घे. पाह्यलं यानं," एवढंच ती म्हणाली.

दुकान राहिलं. जागेचा विषय आबासाहेबांनी पुन्हा काढला नाही. पुढे टिनच्या मोटारींची चाकं तुटायची तेव्हा तो व्यापारीच पोरांना आमच्याकडे पाठवायचा, आणि दादा त्या मोटारींना लाकडी चाकं बसवून द्यायचे. बैलानं पाहिलेली पोरं बाप होऊन आपल्या पोरांना घेऊन आली. तेव्हा दादांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते कुठल्या श्रीमंताच्या चेहऱ्यावर मी बघितलं नाही. मग कधीतरी दुकान बंद झालं. कसं आणि का, ते मला उगाळायचं नाही. मी तोवर लग्न होऊन अकोल्याकडे गेले होते. सलईचा वास मात्र कुठल्याही देवळात आला की मी आधी चपला बघते.

किल्ली खुळखुळली. सून आली, आणि तिच्या मागून भिंत धरत विनायकराव. आबासाहेबांचा विनू. केस गेले, दात गेले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, मिस्तरींचं नाव सांगितल्यावर चेहरा उजळला. सुनेनं कपाट उघडून बैल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला.

"तुमच्याच दुकानचा," ते म्हणाले. "पन लय आडमुठा बैल बाई हा. लहानपनी मी याच्यासमोर बसून राहो, याले हाका मारो. यानं मले कधी पाह्यलंच नाही. आजोबाले म्हनलं, बदलून आना. ते म्हनत, राहू दे, मिस्तरीन घाईत होती." बोलता बोलता त्यांनी बैल आपल्या चेहऱ्यासमोर सरळ धरला. "हे पाहा. नेहमी असा बाजूले पाह्यते. तवा माह्या बाजूले कोन उभं होतं, देव जाने."

मी त्यांच्या डाव्या हाताला गेले आणि शोकेसला धरून हळूहळू खाली वाकले, गुडघे नको म्हणत होते तरी, एका लहान पोरीच्या उंचीएवढी.

खळग्याच्या तळातून बैल माझ्याकडे बघत होता.